बाटली आधी, गोधडी सावकाश

जूनमध्ये बालवाडी सुरू होणार असली, की एप्रिल उजाडताच घराघरांत एक मोहीम निघते. बाटली बंद, डायपर बंद, अंगठा बंद, झोळी बंद, गोधडी माळ्यावर. 'शाळेत बाई काय म्हणतील?' हे त्यामागचं मोठं कारण. तीन वर्षांच्या मुलाला आजवर ज्या ज्या गोष्टीने निवांत वाटायचं, ते सगळं दीड-दोन महिन्यांत त्याच्याकडून काढून घेतलं जातं. मग ऐन पावसाळ्यात एका सकाळी त्याला अनोळखी खोलीत, अनोळखी मुलांमध्ये सोडून आई निघून जाते. त्या शाळेतल्या बाई म्हणजे माझ्यासारख्याच कुणीतरी असतात, म्हणून आधीच सांगते: आम्ही काही म्हणत नाही. म्हणायचं असलंच तर एवढंच, की या सगळ्या गोष्टी एका माळेत ओवू नका. काही सवयी मुलाच्या शरीराला अपाय करतात. त्या ठरवून, तारीख धरून सोडवायच्या. काही सवयी वेळ आली की आपोआप सुटतात, तिथे मोठ्यांनी हात लावायचा नाही. आणि शी-शूचं नियंत्रण तर सवयच नाही, त्यासाठी शरीर तयार व्हावं लागतं. कोणती गोष्ट कशात मोडते हे घरात एकदा नीट ठरलं, की निम्मी रडारड कमी होते.

सुरुवात बाटलीपासून करू, कारण उशीर परवडत नाही अशी गोष्ट तीच आहे.

आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ मुळात बाटली देऊच नका असं सांगतात. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, पुढे वरचं अन्न आणि पातळ काही पाजायचं तर वाटी-चमचा. आपल्या आज्या-पणज्यांचं बोंडलं हे त्याच जातीचं भांडं. बाटलीची जाहिरात करायलाही आपल्या देशात 1992च्या कायद्याने बंदी आहे, इतका हा विषय गांभीर्याने घेतला गेला आहे. पण घराघरांतली अडचणही खरी आहे. नोकरी करणाऱ्या आईची बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची. ज्यांना तीही मिळत नाही अशा बायका कितीतरी. मागे बाळ आजीकडे किंवा पाळणाघरात राहतं आणि बाटली घरात येते. आली म्हणून आईला बोल लावण्यात काही अर्थ नाही. मात्र पहिला वाढदिवस झाला की ती जायला लागली पाहिजे आणि बाळ दीड वर्षाचं होईतो गेलेली असली पाहिजे.

का, ते तुम्हाला घरीच पाहता येईल. बाळाला खिडकीशी उजेडात मांडीवर घ्या आणि वरचा ओठ बोटाने हलकेच वर करा. हिरडीला लागून समोरच्या दातांवर खडूसारखी पांढरट, निस्तेज रेघ दिसते का पाहा. कीड लागण्याची ती पहिली खूण. पुढे ती पिवळसर, मग तपकिरी होते आणि दात कडेने झिजल्यासारखा तुटू लागतो. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलात दूध त्या दातांभोवती साचून राहतं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ते धुतलं जात नाही. खालचे समोरचे दात जिभेखाली झाकलेले असल्याने बहुधा वाचतात. रेघ पांढरी असतानाच दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तर पुढचं बरंच टळतं. 'दुधाचे दात, पडणारच आहेत' हे वाक्य मी फार ऐकते. त्यांतल्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात, आणि किडलेल्या दाताची कळ मुलाला आज सोसायची असते.

दुसरं कारण त्याहून छुपं आहे. दुधात लोह अगदी थोडं. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पोटात गेलं की भातवरण, पालेभाजी, अंडं, नाचणी यांना जागाच उरत नाही. मूल गुबगुबीत दिसतं पण फिकट पडत जातं, चिडचिडं होतं, कधी माती किंवा भिंतीचा चुना खायला लागतं. आई सांगते, 'जेवतच नाही हो, म्हणून निदान दूध तरी देते.' आणि दूध आहे म्हणूनच ते जेवत नसतं. हे चक्र बाटली सुटल्यावर आठवड्याभरात उलटं फिरताना अनेक घरांत पाहिलं आहे.

आता सोडवायचं कसं. सहाव्या महिन्यापासूनच एक लहानसं फुलपात्र मुलाच्या हाती द्या. तळाशी दोन घोट पाणी. सांडेल, अंगावर येईल, मजेने वाजवेल. तोच त्याचा सराव. नळीच्या किंवा चोचीच्या सिपरवर मी भर देत नाही, कारण तो पुढे दुसरी बाटली होऊन बसतो. वर्षाच्या मुलाची सकाळची बाटली आधी काढा. त्या वेळी मूल ताजंतवानं असतं, घरात हालचाल असते, फुलपात्रातून पिणं त्याला खेळ वाटतो. ते अंगवळणी पडलं की दुपारची. रात्रीची सगळ्यात शेवटी, कारण तिच्यात भूक थोडी आणि झोपेची ओढ जास्त असते. तिथे क्रम बदला: रात्रीचं दूध आधी, बसून, फुलपात्रातून, मग दात घासणं, मग दिवा मंद करून गोष्ट किंवा गाणं. मूल फारच अडून बसत असेल तर बाटलीतलं दूध दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं कमी करा. दात घासून झाल्यावर मागितलं तर फक्त पाणी.

दोन-तीन रात्री अवघड जातात. त्या रात्रींसाठी घरातल्या सगळ्यांनी आधी बसून एकमत करायला हवं, हे मी मुद्दाम सांगते. आई-बाबांनी तासभर थोपटत धीर धरायचा आणि मग आजीचं काळीज हललं म्हणून मध्यरात्री बाटली यायची, असं झालं तर मूल एवढंच शिकतं की तासभर रडलं की बाटली मिळते. पुढची रात्र दीड तासाची होते. आजीचं चुकतं असं नाही. तिला विश्वासात घेतलेलं नसतं. तिला दातांवरची ती रेघ दाखवा, सगळ्यांत आधी तीच बाटल्या आवरून ठेवेल.

'काऊने नेली' असं सांगण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. ती मला पटत नाही. काऊ रोज खिडकीत येतो; मूल त्याच्याकडे बाटली परत मागतं किंवा त्याला बघून घाबरतं. दीड वर्षाच्या मुलाला खरं कळतं: 'आता तुला दात आलेत. तू पेल्यातून पितोस.' त्याच्याच हाताने बाटल्या पिशवीत भरा आणि पिशवी घराबाहेर जाऊ द्या. फळीवर दिसणारी बाटली रोज नव्याने रडवते.

आईचं अंगावरचं दूध मात्र या हिशेबात धरू नका. सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या जेवणासोबत दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तेव्हा शेजारणीने टोकलं म्हणून घाई करू नका. सोडवायचं ठरलं की काही घरांत कडुलिंबाचा पाला वाटून किंवा कोरफड लावतात, कुठे मुलाला चार दिवस मामाकडे धाडतात. ज्या कुशीत मूल दोन वर्षं विसावलं, ती एका रात्रीत कडू व्हावी हे मला फार कठोर वाटतं. आईलाही ते बाधतं. दूध एकदम थांबलं की छाती दाटते, गाठी होतात, ताप येतो. त्याऐवजी आठवड्याला एक वेळ कमी करत जा. मुलाने मागितलं तर नाही म्हणायचं नाही, पण आपण होऊन पुढे करायचं नाही. ज्या खुर्चीत बसून पाजायची सवय होती तिथे काही दिवस बसूच नका. निजवण्याचं काम बाबांकडे द्या. सुरुवातीला मूल त्यांच्यावर रागावेल, पाठ फिरवेल. चारपाच रात्रींत त्यांच्याच दंडावर डोकं ठेवून झोपेल.

अंगठ्याची गोष्ट वेगळी. चोखणं मूल जन्मल्यावर शिकत नाही. पोटातल्या बाळाचा अंगठा तोंडात गेलेला सोनोग्राफीत कधी कधी दिसतो. भूक नसतानाही बाळ चोखतं, कारण त्याने त्याचा जीव शांत होतो. मोठ्यांनी कुणी न शिकवता स्वतःला सावरण्याची त्याच्यापाशी असलेली ही पहिली युक्ती आहे. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ती आपणच टाकतात. तोवर हात धुतलेले ठेवा, नखं कापा आणि अंगठ्याविषयी बोलू नका. खरंच बोलू नका. 'काढ बघू तोंडातून' हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या मुलाचा अंगठा अधिकच आत जातो, कारण प्रत्येक वेळी त्याला थोडंसं ओशाळं वाटतं आणि ओशाळेपणावरचा त्याचा उपाय तोच आहे.

मिरची, कडू तेल, बोटाला घट्ट बांधलेली चिंधी यांतलं काहीही नको. मिरचीचं बोट डोळ्यात जातं. चारचौघांत 'शेम शेम' तर मुळीच नको. बालवाडीत मुलं एकमेकांना हे म्हणू लागतात ती मोठ्यांकडून ऐकूनच.

चार वर्षांनंतरही जोरजोरात चोखणं चालू असेल तर मात्र लक्ष घालायचं. नुसता तोंडात ठेवलेला अंगठा आणि गाल आत ओढून, चक् चक् आवाज करत चोखलेला अंगठा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात अंगठ्यावर घट्टा पडलेला दिसतो. वरचे दात पुढे येऊ लागतात, मूल दात मिटतं तेव्हा समोर वरच्या-खालच्या दातांत फट राहते. कायमचे समोरचे दात सहा-सात वर्षांच्या आसपास येतात. त्याआधी सवय सुटली तर जबडा बराचसा आपला आपण सावरतो. आधी आठवडाभर फक्त बघा, अंगठा केव्हा आत जातो. टीव्हीसमोर? मोटारीत मागच्या सीटवर? जेवणाआधी, पेंगताना? ज्या वेळी हात रिकामे असतात त्या वेळी हातांना खरं काम द्या. मटार सोलायला बसवा, शेंगा फोडायला द्या, कणकेचा गोळा द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलाशी सरळ बोलता येतं. आरशात दात दाखवा, सोडायचा आहे का विचारा, आणि त्याने हो म्हटलं तरच पुढे जा. आठवण म्हणून त्याने स्वतः निवडलेली पट्टी अंगठ्याला, आणि अंगठा न चोखलेल्या दिवसाची भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने स्वतः केलेली खूण. खूण चुकली तर काही बोलू नका. एवढ्यावरही सुटलं नाही तर मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

रबरी चोखणी वापरत असाल तर तिचं काम सोपं, ती निदान बाजूला ठेवता येते. सहा महिन्यांनंतर फक्त झोपेपुरती, आणि वर्षाच्या सुमारास बंद. मधात बुडवून कधीही देऊ नका. वर्षाच्या आत मध कोणत्याच वाटेने नको, अगदी घुटीतूनही नको. त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

आता गोधडी. इथे मी पालकांशी थोडी भांडतेसुद्धा.

आजीच्या जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन पिठासारखी मऊ झालेली गोधडी. तिचा एखादा विरलेला काठ मूल बोटांत घोळवतं, नाकाशी धरतं आणि डोळे मिटतं. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951मध्ये याच गोष्टीवर एक निबंध वाचला होता. त्यांनी मांडलं ते असं: मूल आईपासून आपण वेगळे आहोत हे हळूहळू ओळखू लागतं. त्या काळात आई नसतानाही तिच्या असण्याची ऊब देणारी एखादी वस्तू ते स्वतःच निवडतं. आईपासून दूर जाण्याच्या प्रवासातला तो टप्पा आहे आणि तो निरोगी आहे. म्हणजे ज्या वस्तूमुळे मूल परावलंबी होईल अशी भीती घरच्यांना वाटते, तिच्याच आधाराने ते स्वतंत्र होत असतं. या निबंधाला आता सत्तर वर्षं उलटून गेली, तरी शाळेच्या आदल्या दिवशी गोधडी माळ्यावर टाकणारी घरं आहेतच.

आमच्या वर्गात एक मुलगी हिरव्या काठाचा बोटभर लांब तुकडा फ्रॉकच्या खिशात घेऊन यायची. तिच्या आजीने गोधडीचाच कोपरा कापून, कडा दुमडून शिवून दिला होता. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे हात जोडलेले आणि हिचा एक हात खिशात. कुणी काही म्हटलं नाही. पाऊस सरेपर्यंत तो हात रोज खिशात होता. मग कधीतरी चिंचोके मोजण्याचा खेळ सुरू झाला आणि खिशात चिंचोके आले. दिवाळीनंतर तुकडा दिसला नाही. आईला विचारलं तर तिलाही केव्हा राहिला ते सांगता येईना.

तेव्हा गोधडी काढू नका, फक्त तिची व्यवस्था लावा. सुरुवातीपासून दर आठवड्याला धुवा, म्हणजे न धुतलेल्या वासाचाच हट्ट बसत नाही. शक्य असेल तर एकाच कापडाच्या दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा. प्रवासात हरवली तर आकांत टळतो. मूल तीन वर्षांचं झालं की 'गोधडी घरातच राहते, तुकडा तुझ्याबरोबर येतो' असा नियम करता येतो. एक काळजी तान्ह्या बाळांसाठी: वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ झोपेत मोकळं पांघरूण, उशी, मऊ खेळणं ठेवू नका.

आपल्या घरांत मुलं मोठ्यांना बिलगून झोपतात, त्यामुळे कित्येकदा ही 'वस्तू' म्हणजे कापड नसतंच. आईच्या कानाची पाळी असते, तिचे केस, मंगळसूत्र, कोपराची मऊ कातडी. हे गोड असतं आणि रात्री तीन वाजता कान ओढला गेला की असह्यही होतं. अशा वेळी आईची वापरलेली ओढणी किंवा जुन्या साडीचा पदर तिच्या कानाशेजारी ठेवायला लागा. आधी कान आणि पदर दोन्ही. मग थोडा वेळ कान, उरलेला वेळ पदर. काही आठवडे जातील. कान झाकून, मूल रडत असताना पाठ फिरवून झोपणं मात्र नको.

झोळीचं थोडक्यात: मूल तिच्यात उठून बसायला, काठ धरून उभं राहायला लागलं की ती धोक्याची झाली, लगेच थांबवा. ती वेळ येण्याआधीच हेलकावे आठवडाभरात कमी करत आणा, आणि जमिनीवरच्या अंथरुणात त्याच लयीत थोपटा.

शी-शूचं मी मुद्दाम वेगळं काढलं. पूर्वी आजी तान्ह्या बाळाला पायांवर बसवून तोंडाने 'शूऽऽ' करायची आणि बाळ करायचंही. ती चांगलीच पद्धत आहे, पण तिथे खुणा ओळखत असते आजी. मुलाने स्वतः ओळखायचं, धरायचं, सांगायचं आणि जागेपर्यंत पोचायचं, यासाठी मूत्राशय, स्नायू आणि भाषा तिन्ही तयार लागतात. साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान ती तयारी दिसू लागते. मूल दोन-दोन तास कोरडं राहतं. शी करताना दाराआड किंवा पडद्यामागे जातं. ओलं झालं की ओढून काढू पाहतं. चड्डी खाली सरकवता येते. या खुणा दिसल्या की सुरुवात करा, दिसल्या नाहीत तर महिनाभर थांबा. शाळेची तारीख पाहून ही तयारी होत नाही. दिवसाचं नियंत्रण तीन-चार वर्षांपर्यंत येतं, रात्रीचं त्याहून उशिरा. पाच वर्षांच्या आत अंथरूण ओलं होणं याला डॉक्टर आजार मानत नाहीत, आणि त्यावरून एकाही मुलाला मार बसू नये.

अडतं ते बहुधा शीपाशी. एकदा खडा झाला, दुखलं, की मूल धरून ठेवतं. धरल्याने आणखी कडक होतं. तेव्हा आधी पोट साफ होऊ द्या: पाणी, फळं, भाज्या, आणि त्याने भागलं नाही तर डॉक्टरांचं औषध. भारतीय संडासाच्या भोकाची लहान मुलांना खरीखुरी भीती वाटते, आणि कमोडवर पाय लोंबकळत असतील तर जोर देता येत नाही. बुटकं भांडं किंवा पायांखाली पाट, एवढ्याने फरक पडतो. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा, पुस्तक द्या, झालं नाही तर उठू द्या. एक गोष्ट लक्षात ठेवा: महिनोन्‌महिने कोरडं राहणारं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं आणि सोबत खूप तहान लागत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लहान मुलांतला मधुमेह असाच समोर येतो.

आणखी एक सवय या यादीत नव्याने आली आहे, जेवताना मोबाइल. बाटलीसारखीच हीसुद्धा तारीख धरून सोडवण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये जे सांगितलं त्यानुसार दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात तासाहून जास्त नको. आपले बालरोगतज्ज्ञही दोन वर्षांपर्यंत नकोच म्हणतात. पडद्याकडे बघत जेवणाऱ्या मुलाला भूक केव्हा संपली ते कळत नाही, घास चावायचं राहून जातं. चिऊचा घास, काऊचा घास म्हणताना निदान ते भरवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतं. फोन दुसऱ्या खोलीत, सगळे एकत्र जेवायला, मुलाच्या ताटलीत थोडं थोडं सगळं, आणि अर्ध्या तासाने ताटली उचलायची. पहिले काही दिवस ते कमी खाईल. निरोगी मूल त्याने आजारी पडत नाही. मधल्या वेळी बिस्किटं मात्र भरवू नका.

हे सगळं एका वेळी एकच. बाळंतपणाच्या आगेमागे, घर बदलताना, आजारपणात, घरात कुणी गेलं असताना आणि शाळेच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत कोणतीही सवय सोडवायला घेऊ नका. भावंड आल्यावर सुटलेली बाटली पुन्हा मागणं, कोरडं राहणाऱ्याने ओलं करणं हे सर्रास होतं. त्याला दोन घोट फुलपात्रातून पाजा, मांडीवर घ्या, 'तू पण माझं बाळच' म्हणा. काही आठवड्यांत ते ओसरतं. 'आता तू दादा झालास' हे त्याला त्या दिवसांत ओझं वाटतं.

वाढीच्या टप्प्यांची तुलनाही थोडी सैल सोडा. भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून जागतिक आरोग्य संघटनेने 2006मध्ये जे टप्पे दिले, त्यांत एकट्याने चालण्याचा काळ सुमारे 8 ते 18 महिने इतका पसरलेला आहे, आणि काही मुलं रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात. भावजयीचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं म्हणून वॉकर आणू नका. वॉकरने मूल लवकर चालत नाही. पायरीवरून, उंबऱ्यावरून पडतं. कॅनडाने 2004 सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

मात्र काही खुणांपाशी वाट पाहायची नसते. वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळून बघत नाही. दीड वर्षाचं चालत नाही, बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नाही, एकही शब्द बोलत नाही. दोन वर्षांचं 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नाही. किंवा कोणत्याही वयात, आधी येत असलेले शब्द किंवा हसणं-बघणं हरवतं. 'त्याचे बाबाही उशिरा बोलले' हे इथे उत्तर नाही. लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड काढून त्यातले टप्पे पाहा, अंगणवाडीताईंशी बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं आणि गरज असल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. लवकर गेलेल्या मुलाला खरोखर फायदा होतो.

आणि जूनचं काय? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी अनुताई वाघ यांच्यासोबत 1945 साली बोर्डी गावात काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मूल जसं आहे तसं घेऊन सुरुवात करायची, हे तेव्हापासून आपल्या बालशिक्षणाचं शहाणपण आहे. म्हणून प्रवेश घेताना शाळेला विचारा: कापडाचा तुकडा खिशात चालेल का? शूला कोण नेतं, आणि अंगावर झाली तर काय करतात? पहिले काही दिवस आईला वर्गाबाहेर बसता येईल का? 'आमच्याकडे रडणारी मुलं चालत नाहीत' असं उत्तर आलं, तर जवळपास दुसरी शाळा असल्यास ती बघून या. बाईंना मूल शूला काय म्हणतं, शीला काय म्हणतं आणि झोप आली की काय शोधतं ते कागदावर लिहून द्या. जीन्स आणि पट्टा नको, इलॅस्टिकची चड्डी घाला. दप्तरात दोन जादा चड्ड्या आणि ओल्या कपड्यांसाठी एक पिशवी ठेवा, आणि आत काय काय आहे ते निघण्यापूर्वी मुलाला उघडून दाखवा.